नरकाला मजले किती?

शास्त्रभाग : लूक १६:१९–३१, मत्तय ११:२०–२४, लूक १२:४७–४८, लूक १३:२२–३०



बिदर जिल्ह्यातल्या एका लहानशा मराठी मंडळीत शब्बाथशाळेचा वर्ग चालू होता. विषय होता न्यायाचा दिवस. शिक्षिकाबाईंनी मोठ्या कष्टाने पुठ्ठ्यावर एक चित्र काढून आणले होते. वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली नरक. आणि नरकाचे सात मजले. खोटे बोलणारे पहिल्या मजल्यावर, चोर दुसऱ्यावर, दारुडे तिसऱ्यावर, असे करीत करीत सर्वांत खाली देवाला न मानणारे. मुले रंगून गेली होती. इतक्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमचे आबा कोणत्या मजल्यावर असतील?"

आबांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. थोड्याच महिन्यांपूर्वी ते वारले होते. नातीला दर रविवारी सायकलवर बसवून मंदिराच्या दारापर्यंत आणून सोडणारे तेच. स्वतः ते बाहेर लिंबाखाली बसून राहत. बाईंना उत्तर सुचेना. त्यांनी चित्र गुंडाळले, एक गीत म्हणवून घेतले आणि वर्ग सोडला. पुढे भेट झाली तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "मी काय सांगायला हवे होते?"

हा प्रश्न एकट्या त्या बाईंचा नाही. बिदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरच्या जिल्ह्यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक चूल ख्रिस्ती आणि शेजारची चूल दुसऱ्या धर्माची असते. म्हणून हा धडा सावकाश अभ्यासावा अशी आमची विनंती आहे.

आपल्या भोवतालची चित्रे

त्या बाईंना सात मजले कोठून मिळाले? बायबलमधून नव्हे. आपण राहतो ती भूमीच अशा चित्रांनी भरलेली आहे.

कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. एके काळी ही राष्ट्रकूट राजांची राजधानी मान्यखेट होती. राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानी त्या जिनसेनाचार्यांनी नवव्या शतकात आदिपुराण रचले. जैन परंपरेत नरकाच्या सात भूमी एकीखाली एक सांगितल्या आहेत. पहिली रत्नप्रभा, मग शर्कराप्रभा, वालुकाप्रभा, पंकप्रभा, धूमप्रभा, तमःप्रभा आणि सर्वांत खाली महातमःप्रभा. नावे वाचली तरी ध्यानात येते की वर थोडा उजेड आहे आणि खाली नुसता अंधार. तिथला काळ अतिशय दीर्घ, पण त्याला शेवट आहे.

बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिली. वारसाहक्काच्या खटल्यांमुळे हे नाव आजही वकिलांच्या तोंडी असते. ज्या स्मृतीवर ही टीका आहे तिच्यात तामिस्र, रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन अशा एकवीस नरकांची यादी आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक मोजले आहेत. घरी कोणी वारले म्हणजे दहा दिवस जे गरुडपुराण वाचतात त्यात नरकांची संख्या चौऱ्याऐंशी लक्ष सांगून त्यांतले एकवीस मुख्य मानले आहेत. कोणत्या पापाला कोणता नरक हे दाखवणारी रंगीत चित्रे जत्रेत विकायला येत. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी ती पाहिली असतील.

कलबुर्गी ही १३४७ साली बहामनी सुलतानांची राजधानी झाली. पुढे राजधानी बिदरला आली. कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाज ह्यांचा दर्गा आहे. ते १४२२ साली वारले. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या कुराणात जहन्नमला सात दरवाजे सांगितले आहेत (१५:४४). पुढच्या भाष्यकारांनी त्यांवरून सात थर धरले आणि त्यांना हाविया, जहीम, सकर अशी नावे दिली. सर्वांत खालचा थर कोणासाठी? मूर्तिपूजकांसाठी नव्हे, तर दांभिकांसाठी, जे तोंडाने विश्वास सांगतात आणि मनात ठेवीत नाहीत (४:१४५). ही गोष्ट लक्षात असू द्या; पुढे तिचे काम आहे.

ख्रिस्ती लोकांनी काढलेले नकाशे

आपल्या मंडळीतही असे नकाशे झाले. दुसऱ्या शतकात 'पेत्राचे प्रकटीकरण' आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस 'पौलाचे प्रकटीकरण' ह्या नावांनी दोन पुस्तके फिरू लागली. ती प्रेषितांनी लिहिलेली नाहीत आणि मंडळीने ती शास्त्रात घेतली नाहीत. त्यांत प्रत्येक पापाला ठरावीक शिक्षा आहे. देवाची निंदा करणारे जिभेने टांगलेले आहेत. परंतु पौलाच्या नावाच्या पुस्तकात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तिथल्या अग्नीच्या नदीत एक वडील, एक बिशप, एक डीकन आणि मंडळीत शास्त्र वाचून दाखवणारा एक वाचकही आहे.

सर्वांत प्रसिद्ध नकाशा इटालीचा कवी दान्ते ह्याचा. तो १२६५ साली जन्मला आणि १३२१ साली वारला. म्हणजे आपल्या ज्ञानदेवांचा तो समकालीन. त्याच्या काव्यात नरक हा जमिनीत खोल गेलेला नरसाळ्यासारखा खड्डा आहे आणि त्याला नऊ मंडले आहेत. वासनेचे पाप वरच्या बाजूला, त्याखाली खादाडपणा, लोभ, क्रोध. मग पाखंड, हिंसा, फसवणूक. आणि तळाशी विश्वासघात. त्या तळाशी आग नाही, बर्फ आहे. जिथे प्रीती पूर्ण विझली तिथे ऊब कशी असणार? मंडळीतली पदे पैशासाठी विकणाऱ्यांच्या खड्ड्यात त्याने एक पोपही उलटा पुरलेला दाखवला आहे. मात्र त्याच कवीने आपल्या फ्लॉरेन्स शहरातले वैरीही नावानिशी नरकात बसवले आहेत.

नकाशांत खरे काय आणि धोका कोणता?

ह्या सर्वांना आपण हसून सोडू नये. मनुष्याच्या अंतःकरणात एक जाणीव आहे, की सर्व पापे एका मापाची नाहीत. उपाशी पोराने चोरलेली भाकरी आणि विधवेचे शेत हडपणाऱ्या सावकाराचा कागद ह्यांचा हिशेब एक होऊ शकत नाही. न्याय व्हावा ही तहान देवानेच आपल्यात ठेवली आहे.

परंतु नकाशा काढणारा आपले बोट नेहमी दुसऱ्यावर ठेवतो. दान्तेने आपले वैरी खाली घातले. स्मृतिपुराणांत वरच्या वर्णाचा अपराध करणाऱ्यांसाठी खास नरक राखलेले आहेत. आपल्या त्या शब्बाथशाळेच्या चित्रात दारुडे होते, चोर होते, अन्य धर्मीय होते. मंडळीतले भांडखोर मात्र कोणत्याच मजल्यावर नव्हते.

आणि मजल्यांचे दुःख आपल्याला नवीन नाही. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली. मजले पुष्कळ, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. आपल्या पुष्कळ वाडवडिलांनी गावाबाहेर राहून त्या मनोऱ्याचा तळ पाहिला आहे. जे स्वतः खालच्या मजल्यावर ढकलले गेले त्यांनी परलोकात दुसऱ्यांसाठी मजले आखावेत, हे शोभत नाही.

बाराव्या शतकात ह्याच कल्याणात बसवेश्वर होऊन गेले. त्यांच्या एका वचनाचा आशय असा आहे, की माणसाला आदराने हाक मारणे हाच स्वर्ग आणि तुच्छतेने हाक मारणे हाच नरक. ज्यांना साऱ्या गावाने जन्मभर 'अरे-तुरे' केले त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनेही नरकाग्नीचा विषय भावाला मूर्ख म्हणण्यापासूनच काढला आहे (मत्तय ५:२२).

शास्त्रातले शब्द

आता शास्त्राकडे वळू. मराठीत आपण एकाच 'नरक' शब्दात जे कोंबतो त्यासाठी मूळ भाषांत वेगवेगळे शब्द आहेत.

पहिला शब्द शेओल, म्हणजे अधोलोक. जुन्या करारात हे सर्व मृतांचे ठिकाण आहे. योसेफ मेला असे समजून याकोब शोक करतो तेव्हा आपणही तेथेच उतरणार असे तो म्हणतो (उत्पत्ति ३७:३५). 'खालचा अधोलोक' असे शब्द अनुवाद ३२:२२ आणि स्तोत्र ८६:१३ येथे येतात. पण ती काव्याची भाषा आहे, मजल्यांची मोजणी नव्हे. नव्या करारात ह्याच अर्थाचा ग्रीक शब्द हादेस आहे.

दुसरा शब्द गेहेन्ना. हे यरुशलेमेच्या दक्षिणेकडच्या हिन्नोमाच्या खोऱ्याचे नाव. तेथे लोकांनी आपली मुले अग्नीत होमली. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली (२ राजे २३:१०) आणि यिर्मयाने तिला वधाचे खोरे म्हटले (यिर्मया ७:३१–३२). येशूच्या काळी तेथे शहराचा कचरा सतत जळत असे, असे उपदेशांत वारंवार सांगितले जाते. शिक्षकांनी येथे सावध असावे. ही माहिती प्रथम इ. स. १२०० च्या सुमाराच्या एका यहूदी भाष्यकाराच्या लिखाणात मिळते. शास्त्रात ती नाही. शास्त्रात आहे ते अधिक भयंकर आहे. ज्या ठिकाणी धर्माच्या नावाने लेकरांचा बळी दिला, त्या ठिकाणाचे नाव न्यायाचे नाव झाले.

ह्याशिवाय २ पेत्र २:४ मध्ये पापी देवदूतांविषयी बोलताना ग्रीकांच्या पाताळाचा 'टार्टरस' हा शब्द एकदाच डोकावतो. प्रकटीकरणात अग्निसरोवर आहे, आणि शेवटी मृत्यू व अधोलोक हे स्वतःच त्यात टाकले जातात (२०:१४). एवढ्या सर्व ठिकाणी सात, नऊ किंवा एकवीस मजल्यांची यादी कोठेही नाही.

प्रभू हे कोणाला बोलला?

आता ह्या धड्याचा मुख्य मुद्दा. 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात बारा वेळा आला आहे. एकदा याकोबाच्या पत्रात, तोही जिभेविषयी (३:६). उरलेल्या अकरा वेळा तो प्रभू येशूच्या मुखी आहे. आपले बायबल उघडून ती वचने एकेक पाहा. मत्तय ५ मधली तीन डोंगरावर शिष्यांना शिकवताना. मत्तय १०:२८ बारा जणांना पाठवताना. लूक १२:५ आपल्या मित्रांशी बोलताना. मत्तय १८:९ आणि मार्क ९:४३–४७ ही शिष्यांना, आणि तीही केव्हा, तर आपल्यात मोठा कोण हा वाद त्यांच्यात निघाल्यावर. राहिलेली दोन मत्तय २३ मध्ये शास्त्री व परूशी ह्यांना.

एकदाही हा शब्द प्रभूने शोमरोनी बाईला, रोमी शताधिपतीला, कनानी आईला किंवा जकातदाराला ऐकवला नाही. तो ऐकवला शास्त्र जवळ असणाऱ्यांना, मंडळीच्या पुढारपणात बसणाऱ्यांना आणि आपल्या स्वतःच्या शिष्यांना. दांभिकांना तळाशी ठेवणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना जे कळले ते आपण विसरलो तर आपली मोठी लाज आहे.

मजले नव्हेत, मिळालेला प्रकाश

मग शिक्षेत कमी-जास्त असे काहीच नाही काय? आहे. प्रभूने स्पष्ट सांगितले आहे की ज्या दासाला धन्याची इच्छा ठाऊक असून त्याने ती केली नाही त्याला पुष्कळ फटके, आणि ज्याला ठाऊक नव्हती त्याला थोडे (लूक १२:४७–४८). न्यायाच्या दिवशी सदोमाला जेवढे सोपे जाईल तेवढे कफर्णहूमाला जाणार नाही, असेही तो म्हणाला (मत्तय ११:२०–२४). कफर्णहूम म्हणजे प्रभू जिथे राहिला, जिथल्या सभास्थानात त्याने शिकवले ते गाव. आजच्या भाषेत सांगायचे तर जिथे दर रविवारी घंटा वाजते ते गाव.

येथे माप पापाच्या यादीचे नाही. मिळालेल्या प्रकाशाचे आहे. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल. ह्या मापाने पाहिले तर आपण, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, घरी तीन-तीन बायबले बाळगणारे, कोठे उभे आहोत?

श्रीमंत मनुष्य आणि लाजर ह्यांच्या दृष्टांतात (लूक १६) श्रीमंताचे कोणते पाप सांगितले आहे? खून नाही, चोरी नाही. दाराशी पडलेला माणूस त्याला रोज दिसत होता, एवढेच. आणि गंमत पाहा, यातनेत असतानाही तो लाजराशी बोलत नाही. अब्राहामाला म्हणतो, त्याला पाणी घेऊन पाठव. म्हणजे तेथेही लाजर त्याच्या लेखी हरकाम्याच. त्याच्या मनातले मजले तेथेही मोडले नाहीत. दोघांच्या मध्ये मोठी दरी होती असे आपण वाचतो. पण पृथ्वीवर तेथे फक्त एक दार होते, आणि ते उघडणे त्याच्या हातात होते. ह्या आठवड्यात आपल्या दाराबाहेर कोण आहे?

खाली उतरलेला प्रभू

जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात एक सुंदर कथा आहे. देवलोकात जन्मलेला एक जीव दुसऱ्या नरकभूमीत उतरतो आणि पूर्वजन्मीच्या आपल्या मंत्र्याला बोध करतो. तळाशी असलेल्याला वरच्याने भेटावे ही माणसाची आशा किती जुनी आहे! आपण जे मानतो ते ह्याहून मोठे आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात प्रभू अधोलोकात उतरला असे एक वाक्य आहे. काही मेथडिस्ट उपासनाविधींत ते म्हटले जात नाही, आणि १ पेत्र ३:१९ चा अर्थ करताना विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यामागचे सत्य सर्वांना मान्य आहे. वधस्तंभावर प्रभूने आपल्या मरणाचा तळ गाठला. अधोलोकात अंथरूण केले तरी तेथे देव आहे असे स्तोत्रकर्ता म्हणतो (स्तोत्र १३९:८), आणि मृत्यूच्या व अधोलोकाच्या किल्ल्या उठलेल्या प्रभूच्या हाती आहेत (प्रकटीकरण १:१८). त्या किल्ल्या पाळकांच्या हाती नाहीत, शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या नाहीत, आमच्याही नाहीत.

वर्गात काय सांगावे?

पहिली गोष्ट, नरक नाही असे सांगू नये. प्रभूने ज्याचा इशारा दिला ते आपण पुसून टाकू शकत नाही. त्याला नाकारणे ही हलकी गोष्ट नाही, आणि सुवार्ता सांगण्याची निकड कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, भीतीची चित्रे लेकरांपुढे टांगू नयेत. भीतीने मूल हात जोडते, पण भीती गेली की हातही सुटतात. न्यायाचा धडा घ्यायचा तर श्रीमंताचे दार काढावे आणि मुलांना विचारावे, ह्या दारात कोण बसले आहे?

तिसरी गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नाची. थोड्यांचेच तारण होणार काय, असे एकाने प्रभूला विचारले तेव्हा त्याने संख्या सांगितली नाही; तुम्ही अरुंद दाराने आत जाण्याचा नेटाने यत्न करा असे तो म्हणाला (लूक १३:२३–२४). आपणही त्याच वाटेने जावे. त्या शिक्षिकाबाईंना आम्ही एवढेच सुचवले, की मुलीला जवळ बसवून सांगा : "बाळ, आबा कोठे आहेत ते मला ठाऊक नाही, आणि ते चित्र मी काढले ते माझे चुकले. सर्व जगाचा न्याय करणारा योग्य तेच करील, हे अब्राहामाला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक आहे. तो न्यायाधीश म्हणजे आपल्यासाठी मेलेला येशू. आबांवर तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्याची माया जास्त आहे. तू त्याचा हात धर."

बाईंनी तसे सांगितले. मुलीने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग आबा ज्या लिंबाखाली बसायचे तिथे आता दुसरे कोणी बसले तर त्यांना आत बोलवायचे का?" बाई म्हणाल्या, "हो, बोलवायचे."

आम्हाला वाटते, त्या दिवशी धडा त्या मुलीला कळला होता. आबा इतकी वर्षे बाहेर बसले होते आणि आपल्यापैकी कोणी उठून त्यांना आत बोलावले नव्हते, हे आपल्याला कळावे म्हणून हा लेख.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'नरक' किंवा 'नरकाग्नी' हा शब्द प्रभूने वापरला ती वचने शोधा. प्रत्येक ठिकाणी ऐकणारे कोण होते ते लिहून काढा.

२. लूक १२:४८ प्रमाणे आपल्या मंडळीला काय काय 'पुष्कळ दिले' आहे? त्याचा हिशेब आपण कसा देऊ?

३. आपल्या मंदिराच्या दाराबाहेर बसणारे कोण आहेत? येत्या रविवारी त्यांच्यासाठी आपण काय करणार?

प्रार्थना : हे न्यायी आणि दयाळू प्रभो, दुसऱ्याचा मजला ठरवण्याच्या मोहापासून आम्हाला राख. दिलेल्या प्रकाशात चालायला शिकव, आणि आमच्या दाराशी असलेल्या बंधूला ओळखणारे डोळे दे. आमेन.